गेटिसबर्ग: मीडच्या टेकाडावरून

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला जाणार असाल तर जॉर्ज मीड हे नाव आधी लक्षात ठेवा. गुलामगिरी टिकवायला अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली सगळ्यांना माहीत असतो. पण २८ जून १८६३ च्या पहाटे ज्याला झोपेतून उठवून उत्तरेच्या, म्हणजे अध्यक्ष लिंकनच्या सरकारच्या, सर्वांत मोठ्या फौजेची सूत्रं हातात दिली, आणि ज्याला तीनच दिवसांनी अमेरिकी यादवी युद्धातली सर्वांत रक्तरंजित लढाई लढावी लागली, तो मीड. त्याच्या आधीचे सेनापती मॅक्लेलन, बर्नसाइड, हूकर हे सगळे लीपुढे कमी पडले होते. मीडने नेमकं काय वेगळं केलं, हे ती जमीन पायाखाली घातल्यावर कळतं. म्हणूनच हा वृत्तांत.

आम्ही न्यू जर्सीहून गाडीने गेलो, साधारण तीन तास लागतात. वॉशिंग्टन किंवा बाल्टिमोरकडून त्याहून कमी. रणभूमीवर फिरायला तिकीट नाही. संग्रहालय, माहितीपट आणि 'सायक्लोरामा' हे भलं मोठं गोलाकार चित्र यांना मात्र आहे. चित्र चुकवू नका, पण ते शेवटी बघा. जागा आधी पाहिलेली असली की त्यातलं प्रत्येक कुंपण ओळखता येतं.

सर्वांत मोलाचा सल्ला: परवानाधारक वाटाड्या घ्या. तो तुमचीच गाडी चालवतो, तुम्ही खिडकीतून बघायचं आणि मनात येईल ते विचारायचं. दोनेक तासांची फेरी असते, उन्हाळ्यात आधी नोंदणी केलेली बरी. तो नसेल तर गाडीने फिरायचा सुमारे २४ मैलांचा आखलेला मार्ग आहे. तिथे १,३०० हून अधिक स्मारकं आहेत. प्रत्येकापाशी थांबलात तर लढाई हातातून निसटेल.

पहिल्या दिवसासाठी गावाच्या पश्चिमेला मॅकफर्सन रिज या लांबट टेकाडावर जा. १ जुलैला उत्तरेच्या बुफर्डच्या घोडदळाने इथे घोड्यांवरून उतरून दक्षिणेच्या पायदळाला थोपवून धरलं, मागून उत्तरेचं पायदळ घेऊन आलेला सेनापती रेनॉल्ड्स इथेच मारला गेला. दुपारपर्यंत उत्तरेची फौज गावातून मागे हटत दक्षिणेकडच्या सेमेटरी हिलवर गेली. मीड तेव्हा मागे टेनीटाउनला होता. त्याने आपला सेनापती हॅनकॉक याला पुढे धाडलं. हॅनकॉकपेक्षा ज्येष्ठ सेनापती मैदानावर हजर होते, तरी जागा लढण्याजोगी आहे की नाही हे ठरवायचा अधिकार मीडने त्यालाच दिला. हॅनकॉकने जागा चांगली असल्याचं कळवलं आणि मध्यरात्रीनंतर मीड स्वतः तिथे पोचला. समोर लीने 'जमल्यास' ती टेकडी घ्या असा मोघम हुकूम आपला सेनापती युएल याला दिला होता. युएलला ते जमण्यासारखं वाटलं नाही, आणि टेकडी उत्तरेकडेच राहिली.

आता नकाशा उघडा. उत्तरेची फळी माशाच्या गळासारखी वळलेली होती, त्यामुळे एका टोकाची कुमक दुसऱ्या टोकाला पटकन नेता येत होती. लीची फळी बाहेरून वळसा घालून लांबच लांब पसरलेली. मीडने याचा दुसऱ्या दिवशी पुरेपूर उपयोग केला, आणि ते करायची पाळी त्याचाच एक सेनापती सिकल्स याच्यामुळे आली. सिकल्सने हुकूम न जुमानता आपलं कोअर, म्हणजे फौजेचा एक मोठा भाग, पुढे पीच ऑर्चर्ड या बागेपर्यंत नेलं आणि डावी बगल उघडी पडली. लिटल राउंड टॉप ही मोक्याची टेकडी जवळजवळ रिकामी असल्याचं मुख्य अभियंता वॉरनच्या लक्षात आलं. अवघ्या २६ वर्षांच्या स्ट्राँग व्हिन्सेंटने वरच्या हुकमाची वाट न बघता आपली ब्रिगेड तिथे चढवली. त्या लढाईत झालेल्या जखमेने तो काही दिवसांतच गेला. टेकडीवर गर्दी होते ती चेंबरलेनच्या '२० व्या मेन' पलटणीच्या स्मारकापाशी. संगिनी रोखून उतारावरून केलेली त्यांची चढाई खरोखरच थोर होती. पण व्हिन्सेंटसाठीही दोन मिनिटं थांबा. वरती गाड्या लावायला जागा बेताची आहे, सकाळी लवकर जा. पायात चांगले बूट हवेत, आणि गवतात शिरणार असाल तर पँट मोज्यात खोचा. या भागात गोचिडी फार.

तिथून लिस्टर हाउस. सेमेटरी रिजच्या मागे एक छोटंसं पांढरं घर, मीडचं ठाणं. बसेस इथे थांबत नाहीत, तुम्ही थांबा. २ जुलैच्या रात्री मीडने सगळ्या सेनापतींना या घरात गोळा केलं आणि विचारलं: राहायचं की हटायचं, हल्ला करायचा की वाट बघायची? सगळ्यांचं मत पडलं, राहायचं. निघताना मीड आपला एक सेनापती गिबन याला म्हणाला की उद्या हल्ला झाला तर तुझ्यासमोरच होईल. हे गिबनने नंतर लिहून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी तेच झालं. पलीकडे लीचाच सेनापती लाँगस्ट्रीट त्याला हा हल्ला नको म्हणून सांगत होता आणि ली ऐकत नव्हता. माझ्या मते लढाईचा निकाल या दोन संभाषणांत आहे.

तिसऱ्या दिवसाची जागा चालूनच बघायची. व्हर्जिनियाच्या स्मारकापासून उत्तरेच्या फळीतल्या 'अँगल'च्या दगडी भिंतीपर्यंत जेमतेम मैलभर गवतातली वाट आहे. एकाने गाडी पलीकडे नेऊन ठेवावी. दक्षिणेची सुमारे १२,५०० माणसं या उघड्या शेतातून चालत गेली. दुरून सपाट दिसणाऱ्या त्या जमिनीत चढउतार आहेत, मध्येच समोरची फळी दिसेनाशी होते, आणि एमिट्सबर्ग रस्त्याची कुंपणं ओलांडली की लपायला काहीच उरत नाही. दक्षिणेच्या तोफांचे बरेच गोळे फळीवरून पलीकडे जाऊन लिस्टर हाउसच्या आसपास पडले होते, तर उत्तरेचा तोफखानाप्रमुख हंट याने आपल्या तोफा मुद्दाम थांबवून दारूगोळा या हल्ल्यासाठी राखून ठेवला होता. चालून आलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. जुलैत गेलात तर पाणी भरपूर न्या, वाटेत सावली नाही.

भिंतीजवळच अब्राहम ब्रायनचं घर आहे. हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. लीची फौज येतेय म्हटल्यावर तो कुटुंबासह निघून गेला, कारण ती फौज पेनसिल्व्हेनियातल्या कृष्णवर्णीयांना पकडून दक्षिणेत गुलामीत धाडत होती. लीच्या शौर्यकथा सांगताना हे घर वगळू नये.

तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० मृत, जखमी, कैदी आणि बेपत्ता. ४ जुलैला पावसात ली माघारी फिरला, त्याच दिवशी मिसिसिपीकाठचं व्हिक्सबर्ग उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्यापुढे शरण आलं. ली पोटोमॅक नदीपार निसटला म्हणून लिंकनने मीडला खरमरीत पत्र लिहिलं, पण धाडलं नाही. पुढच्या वर्षी ग्रँट सरसेनापती झाला आणि मीडचं नाव त्याच्या सावलीत गेलं. आपल्या वऱ्हाड-खानदेशातल्या कापसालाही या युद्धाची झळ पोचली होती: दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली, भाव आभाळाला भिडले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतल्या पेढ्या कोसळल्या.

एक रात्र मुक्काम करा. गावात शाकाहारी जेवणाला पर्याय थोडे, सोबत दशम्या-चटणी असलेली बरी. राष्ट्रीय दफनभूमी संध्याकाळी बंद व्हायच्या आत बघा, लिंकनचं १९ नोव्हेंबर १८६३ चं छोटं भाषण तिथल्या समारंभातलं. दुसऱ्या दिवशी तासाभराच्या अंतरावर मेरीलँडमधली अँटिएटमची रणभूमी गाठा. १७ सप्टेंबर १८६२ ला तिथे एका दिवसात सुमारे २३,००० माणसं मारली गेली वा जखमी, बेपत्ता झाली. लीचे हुकूम हाती लागलेले असूनही मॅक्लेलन तिथे कचरला. मीडनंतर हे बघितलं की फरक डोळ्यांना दिसतो. तिथला बर्नसाइड पूल चालत ओलांडा आणि पलीकडच्या चढावर जाऊन खाली बघा. दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या जॉर्जियाच्या थोड्या बंदूकधाऱ्यांनी तो सुमारे तीन तास कसा अडवला, ते तिथून कळतं.