अनवाणी वारीचे तळवे ठाण्यातच तयार करावे लागतात

वारीत अनवाणीच चालावं, असा नियम कुठेही नाही. बहुतेक वारकरी चपला नाहीतर बूट घालूनच चालतात. आम्ही अनवाणी चालणारे मोजकेच. तरी दरवर्षी कुणीतरी आळंदीत पोचल्यावर ठरवतं, ‘माउली, यंदा अनवाणी!’ मग पुणे ते सासवड ही तीसेक किलोमीटरची मजल आणि तिच्यातलाच दिवे घाट, एवढ्यात पायांना फडकी बांधायची वेळ येते. श्रद्धा कमी पडत नाही, कातडी कमी पडते.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. अधिक मास नसेल तर गुढीपाडव्यापासून तिथपर्यंत साधारण साडेअकरा आठवडे मिळतात. पुढे सुमारे २५० किलोमीटर चालायचं, तर तयारीला एवढे लागतातच.

पहिले दोन आठवडे दिवसाआड फक्त १० मिनिटं, तीही मातीवर. सोसायटीच्या मागची मोकळी जागा किंवा एखादं मैदान पुरतं. ठाण्यात बरेच जण थेट कचराळी तलावाच्या किंवा उपवनच्या फरसबंद वाटेवर सुरुवात करतात, कारण तिथे टोचत नाही. गोम तिथेच आहे. सपाट, टणक जमिनीवर प्रत्येक पावलाचा भार त्याच ठिकाणी पडतो. मातीवर तो दर पावलाला थोडा सरकतो. तिसऱ्या आठवड्यापासून वेळ थोडा थोडा वाढवायचा आणि सहाव्यापासून उपवनहून येऊरचा चढ घ्यायचा. डांबर, सुटी खडी, मध्येच ओली माती असं सगळं तिथे भेटतं. चढताना त्रास होत नाही. उतरताना पाऊल पुढे घसरतं आणि बोटांमागच्या गादीवर फोड येतो. म्हणून पहिले तीन-चार वेळा उतरताना सरळ चपला घालायच्या. आणि येऊरला उजाडल्यावरच जा, बिबट्याचा वावर आहे.

सगळ्यात धोक्याचा काळ साधारण महिन्याभराने येतो. तळवा टणक होतो, खडे टोचेनासे होतात, आणि माणूस एका रविवारी दहा किलोमीटर मारून येतो. कातडी लवकर तयार होते, हाडं नाही. पावलात २६ हाडं असतात. त्यातल्या बोटांमागच्या लांब हाडांना अचानक भार वाढला की बारीक चीर जाते. पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल तर चालणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तेल चोळून ते बरं होत नाही, कित्येक आठवडे विश्रांतीच घ्यावी लागते आणि ती वारी गेली असं समजायचं.

पाऊल टाकण्याची रीत कानाने तपासता येते. ‘थप थप’ ऐकू आलं म्हणजे टाच आपटतेय. पाऊल आखूड टाका, गुडघा किंचित सैल ठेवा. दिंडीत पखवाजाच्या ठेक्यावर चालताना पावलं आपोआप आखूड होतात. घाई होते ती पुढच्या दिंडीला गाठायला धावताना.

घट्टे खरवडून काढू नका. केनियातल्या लोकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘नेचर’ मासिकात आलेल्या अभ्यासात दिसलं, की अनवाणी चालून जाड झालेल्या तळव्याची संवेदना कमी होत नाही. फक्त टाचेची कड घासायची, कारण भेगा तिथून सुरू होतात. रात्री कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे भिरंडेल, किंचित वितळवून भेगांत भरायचं. घट्ट गोळा मिळतो, तो चमच्यात धरून गरम करा. लावल्यावर लगेच फरशीवर फिरू नका, पाय घसरतो.

वाटेत पहिला शत्रू ऊन. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर चपला घालाव्यात, लाज कसली! कडेचा पांढरा पट्टा डांबरापेक्षा कमी तापतो, जाणते त्यावरून चालतात. पाऊस पडला की तोच पट्टा निसरडा होतो. तसा पाऊस उन्हापेक्षा वाईट: भिजलेला तळवा पांढरा पडून सुरकुततो, मऊ होतो आणि महिन्यांची मेहनत दोन तासांत जाते. प्रत्येक विसाव्याला पाय पुसा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात. जूनमध्ये ठाण्यातल्या तुंबलेल्या पाण्यात अनवाणी सराव करायचा नाही. पायाला चीर असेल तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथून शिरतात. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घ्या.

मुक्कामावर आधी पाय, मग चहा. कोमट पाणी, साबण, पाच मिनिटं. मग मोबाईलच्या उजेडात दोन्ही तळवे बघायचे. बाभळीचा काटा आत राहिला तर ती जागा पिकू शकते, म्हणून तो त्याच रात्री निर्जंतुक केलेल्या सुईने काढायचा. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आत ठेवायची जुनी पद्धत अजून चालते. पाणी निघतं खरं, पण त्याच वाटेने घाण आत जाते. फोड न फोडता, मधे भोक पाडलेली जाड पट्टी त्याच्याभोवती लावली की दाब कडेवर जातो. पाय चेपायला गावोगावी माणसं बसलेली असतात. त्यांच्याकडून पोटऱ्या चेपून घ्या, फोडावर तेल लावू देऊ नका.

जमिनीतून पायात ऊर्जा येते वगैरे ऐकायला मिळतं, त्यात आम्ही पडत नाही. पावलाचे लहान स्नायू कामाला लागतात आणि माणूस जपून पाऊल टाकायला शिकतो, एवढं पुरे. शुगर असलेल्यांनी मात्र या फंदात पडूच नये. तळवा बधिर झाला असेल तर काचेचा तुकडा रुतलेलाही कळत नाही आणि जखम भरायला फार वेळ लागतो.

आणि पिशवीतली चपलांची जोडी. रोज इतकं चालून पाय सुजतात, पाऊल पसरतं. ठाण्यात बरोबर बसणारी चप्पल पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीला आवळ होते. रुंद, पट्टा सैल करता येणारी आणि निदान महिनाभर वापरलेली जोडी न्यावी. नवीकोरी तर मुळीच नको.