आजोबांच्या टेबलाची काच

आजोबांच्या सागवानी टेबलावरची जुनी काच मागच्या महिन्यात कोपऱ्यातून तडकली. ती उचलली, तेव्हा खाली ठेवलेला आजी-आजोबांचा फोटो काचेला घट्ट चिकटलेला निघाला. पावसाळ्यातला ओलावा काच आणि लाकूड यांच्यामध्ये वर्षानुवर्षे अडकून राहिल्यामुळे आजीच्या पदराचा रंग काचेवरच उतरला होता, याचे मला फार वाईट वाटले.

नवी काच टफन केलेलीच घ्यायची, हे मी आधीच ठरवले होते. अशी काच भट्टीत सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार ते पाच पट मजबूत होते आणि फुटलीच तर तिच्या लांब, धारदार फाका न होता बारीक दाणे होतात. घरात लहान मुले असतील, तर माझ्या मते दुसरा पर्याय विचारातच घेऊ नये. मात्र भट्टीतून बाहेर आलेली काच पुन्हा कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, आणि माझी चूक नेमकी इथेच झाली.

मी लांबी आणि रुंदी प्रत्येकी एकदाच मोजली व चार फूट बाय दोन फूट असे माप दुकानात सांगितले. काच घरी आली, तेव्हा ती एका कोपऱ्यात सूतभर, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, बाहेर आली. टेबल गुण्यात नव्हते, म्हणजे त्याचे कोपरे नेमके काटकोनात नव्हते. दोन्ही कर्ण मोजले असते, तर त्यांच्यातला दोन सुतांचा फरक लगेच दिसला असता. दुसऱ्या वेळी मी टेबलावर जाड पुठ्ठा पसरून कडेने पेन्सिल फिरवली, कोपऱ्यांची गोलाई तशीच कापून घेतली, पुठ्ठ्याच्या वरच्या बाजूवर ‘वर’ असे लिहिले आणि तो फर्माच कारागिराच्या हाती दिला.

जाडीच्या बाबतीत काचेला खालून आधार किती आहे, एवढेच पाहावे. पूर्ण लाकडी फळीवर बसणाऱ्या काचेला पाच-सहा मिलिमीटर पुरतात. पण ज्या टीपॉयची काच फक्त चार पायांवर टेकते, तिथे मी दहा किंवा बारा मिलिमीटरच सुचवेन. बारा मिलिमीटरच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला तीस किलो भरते, त्यामुळे पाच बाय तीन फुटांच्या जेवणाच्या टेबलावरची काच चाळीस किलोंच्या पुढे जाते आणि पुसण्यासाठी एकट्याने उचलणे अशक्य होते. आमच्या टेबलाला सहा मिलिमीटरची काच घेतली, तीही अकरा किलोंची आहे. साध्या पारदर्शक काचेच्या कडेला लोहामुळे हिरवट झाक दिसते. कमी लोहाची, अधिक स्वच्छ काचही मिळते, पण ती महाग असते आणि सागाच्या तपकिरी रंगावर मला त्या हिरव्या कडेची अडचण वाटली नाही. कडांना गोलसर पॉलिश मात्र आवर्जून करून घेतले.

आता काचेखाली सिलिकॉनच्या सहा पारदर्शक चकत्या आहेत, त्यामुळे लाकडाला हवा लागते. काचेच्या कोपऱ्यातला टफन काचेचा शिक्का मी भिंतीच्या बाजूला घेतला आहे. फोटोचा जेवढा भाग वाचला तेवढ्याची प्रत काढून ती काचेखाली ठेवली असून मूळ फोटो आईच्या कपाटात आहे.