पिवळ्या पिनची तक्रार

फोनवर एवढंच कळलं होतं : "दादा, प्लेस्टेशन टू नव्या टीव्हीला लावलं की स्पीकर नुसता घूंऽऽ करतो. चित्र मधूनच उमटतं आणि पळतं. दोघांनी बघितलं, बोर्ड गेलंय म्हणाले."

गेमचं मशीन दुकानात आणू नका, मीच येतो, असं सांगितलं. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात १४ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. त्याला लावला की जवळपास कुठलाही जुना गेम चालतो. म्हणजे दुकानात 'ओके', घरी नेल्यावर पुन्हा बंद, आणि मग चकरा. चित्राची तक्रार दोन वस्तूंच्या मधली असते, त्यामुळे त्या दोन्ही जिथे आहेत तिथेच बघावी लागते.

पिशवीत ठरलेलं सामान होतं. खात्रीची एव्ही केबल (पिवळी पिन चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची), मीटर, हेडफोनसारखी पिन असलेल्या दोन जातींच्या ३.५ मिमी लीड, आणि गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा ७ इंची स्क्रीन १२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट. या स्क्रीनला पिवळी पिन थेट लागते, आणि सिग्नल पॅल आहे की एनटीएससी (रंगीत चित्र पाठवायच्या दोन पद्धती) हे तो आपलं आपण ओळखतो. दोन हजारांचं टेस्टिंग मशीन घेण्यापेक्षा हा बरा.

मशीन २००४ नंतरचं सडपातळ मॉडेल होतं, बाहेरून ८.५ व्होल्टचा अडॅप्टर लागणारं. बटण दाबल्यावर लाल दिवा हिरवा झाला. मागच्या एव्ही मल्टी आउट पोर्टात माझी केबल घातली आणि पिवळी पिन छोट्या स्क्रीनला दिली. डिस्क न घालता मेनू आला, रंग स्वच्छ, चित्र स्थिर. दोन मिनिटांत बोर्ड निर्दोष ठरलं. ही पायरी गाळून थेट टीव्हीशी झटापट सुरू केली की तासभर कुठे जातो कळत नाही. मशीनच्या बुडाचं सील मात्र आधीच्या कुणीतरी फाडलेलं होतं.

आता टीव्ही. ४३ इंची एलईडी, मागे दोन एचडीएमआय आणि एक ३.५ मिमीचं 'एव्ही इन' भोक. लाल-पांढरी-पिवळी भोकं नवीन टीव्हींवर फारशी दिसत नाहीत. त्याऐवजी एक छोटी लीड खोक्यात येते, आणि भिंतीवर टीव्ही लावणारा माणूस निघून गेल्यावर ती खोक्याबरोबर रद्दीत जाते. इथेही तेच झालं होतं. बदली लीड बाजारातून आणलेली, दिसायला हुबेहूब.

घोळ तिथेच होता. या ३.५ मिमी पिनवर चार भाग असतात : टोक, दोन कड्या आणि बूड. टोकावर बहुतेक सगळे डावा आवाज देतात, पण उरलेल्या तीन भागांवर उजवा आवाज, ग्राउंड आणि चित्र कसं वाटायचं याबाबत सगळ्यांचं एकमत नाही. कॅमकॉर्डरची लीड वेगळी, टीव्हीची वेगळी. टीव्हीचं पुस्तक असेल तर आकृती मिळते. नसेल तर मीटर सांगतो.

टीव्हीचा प्लग भिंतीतून काढला. एका टोकाला ३.५ मिमी पिन आणि दुसरीकडे चार उघड्या तारा अशी लीड मी करून ठेवली आहे, ती एव्ही भोकात घातली. मीटरची एक सुई एचडीएमआय पोर्टच्या धातूच्या कवचाला टेकवली, दुसरी एकेका तारेला. टोक आणि पहिली कडी यांवर हजारो ओहम, म्हणजे हे दोन आवाज. दुसऱ्या कडीवर अर्ध्या ओहमच्याही आत, म्हणजे ग्राउंड. बुडावर ७६. हा आकडा दिसला की शोध संपला, कारण व्हिडिओच्या वाटेवर ७५ ओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो आणि आवाजाच्या वाटेवर तसला काही नसतो.

मग बाजारातली लीड तपासली, मीटर बीपवर ठेवून, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की तो वाजतो. तिन्ही रंगीत पिनांचं बाहेरचं कवच बुडाशी वाजलं. पिवळीचा मधला भाग दुसऱ्या कडीशी. टीव्हीला चित्र हवं होतं तिथे ग्राउंड जात होता आणि ग्राउंडच्या जागी चित्र. मशीनच्या अडॅप्टरला अर्थिंगची पिन नाही, त्यामुळे काही जळलं नाही. टीव्हीला सिग्नल फक्त उलटा पोचत होता. उलट्या सिग्नलमधून सिंक, म्हणजे चित्राची ओळ कुठे सुरू होते याची खूण, सापडत नाही, म्हणून चित्र फाटून पळत होतं. आवाजाचा परतीचा रस्ताही त्याच बुडावरून असल्यामुळे चित्रातली सेकंदाला ५० वेळा येणारी धडक स्पीकरमध्ये घुसत होती. तोच तो घूंऽऽ.

माझ्याजवळची बुडावर व्हिडिओ असलेली लीड लावली आणि घूं थांबला. (तुमच्या लीडचा ग्राउंड बरोबर असेल आणि फक्त चित्र-आवाजाची अदलाबदल असेल तर नवीन लीडही लागत नाही. पिवळी पिन लालच्या जागी लावून बघायची, रंगाकडे दुर्लक्ष करून.)

चित्र आलं, स्थिर आलं, पण काळं-पांढरं.

घरातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "काका, पप्पांच्या काळात गेम असाच असायचा का?" पप्पा हसले, मी पडद्याजवळ गेलो. लांबून राखाडी दिसणाऱ्या भागात जवळून बारीक जाळी दिसत होती, मच्छरदाणीसारखे ठिपके, आणि तेही जिथे गडद रंग असायला हवा तिथेच. याचा अर्थ रंग टीव्हीपर्यंत पोचत होता, टीव्हीला तो वाचता येत नव्हता. जाळीच नसती तर केबलवर संशय घ्यावा लागला असता.

टीव्हीच्या पिक्चर मेनूत 'कलर सिस्टीम' शोधली. ही ओळ एव्ही सोर्स चालू असतानाच दिसते, एचडीएमआयवर असताना ती मेनूत नसते, आणि त्यामुळेच कुणाला सापडत नाही. तिथे 'एनटीएससी' निवडलेलं होतं. आधीच्या खटपटीत कुणीतरी ठेवून दिलं असणार. भारतात विकलेली ही मशीन पॅल असतात. पॅलचा रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेला असतो, टीव्ही तो ३.५८ वर शोधत होता. 'ऑटो' केलं आणि रंग आला. कधी ऑटोही चुकतं, विशेषतः बाहेरच्या देशातली ६० हर्ट्झची डिस्क चालवताना. तेव्हा हातानं पॅल, एनटीएससी, पॅल-६० (पॅलचा रंग, पण ६० हर्ट्झ) असं एकेक लावून बघायचं.

पैसे घेऊन निघणार होतो, तेवढ्यात ड्रॉवरमधून एक छोटा डबा निघाला : प्लेस्टेशन टूचा एचडीएमआय अडॅप्टर. "हा पण खराब निघाला. पांढरी अक्षरं जांभळी दिसतात."

हा अडॅप्टर पिवळ्या पिनचं चित्र घेतच नाही. एव्ही मल्टी आउटमध्ये १२ पिना आहेत, त्यांतला कम्पोनंट सिग्नल (तीन वेगळ्या तारांवर वाटलेलं चित्र) घेऊन तो एचडीएमआयला देतो. मशीन मात्र त्याच तारांवर दोन प्रकारचं चित्र सोडू शकतं. मुख्य मेनूत 'सिस्टीम कॉन्फिगरेशन', त्यात 'कम्पोनंट व्हिडिओ आउट'. तिथे 'आरजीबी' (लाल-हिरवा-निळा) असेल तर अडॅप्टरवर एकतर भलते रंग येतात किंवा पडदा काळा राहतो. कम्पोनंटसाठी 'वाय सीबी/पीबी सीआर/पीआर' हवं. या सेटिंगचा पिवळ्या पिनवर काही परिणाम होत नाही. म्हणून आधी पिवळीवर चित्र आणायचं, तिथे हे बदलायचं, मशीन बंद करायचं आणि मगच अडॅप्टर लावायचा. आम्ही तसंच केलं. अडॅप्टरची यूएसबी वायर मशीनच्याच पुढच्या यूएसबीत घातली, त्याला ५ व्होल्ट तिथून मिळतात. अक्षरं पांढरी झाली, कडा पिवळीपेक्षा कितीतरी रेखीव.

काही गेम सुरू होताना त्रिकोण आणि फुली एकत्र दाबून ठेवली तर 'प्रोग्रेसिव्ह स्कॅन' (एक आड एक ओळींऐवजी सगळ्या ओळी एकदम) हवं का ते विचारतात. अडॅप्टरवर हो म्हणून बघायला हरकत नाही, चित्राचं थरथरणं जातं. पिवळीवर असाल तर चुकूनही हो म्हणू नका. ती केबल ४८० ओळींचं हे प्रोग्रेसिव्ह चित्र नेऊ शकत नाही, पडदा काळा होतो.

टीव्हीत दोनच गोष्टी बदलल्या. आकार ४:३, नाहीतर सगळी माणसं बुटकी-रुंद दिसतात. आणि 'गेम मोड', कारण त्याशिवाय बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते.

मग मुलानं पहिल्या प्लेस्टेशनची एक डिस्क आणून घातली. लोगोपर्यंत सगळं ठीक, खेळ सुरू होताच 'नो सिग्नल'. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. पण हा बिघाड नव्हे. त्या पहिल्या मशीनचे बरेच गेम २४० किंवा २८८ ओळींचं, म्हणजे कमी ओळींचं प्रोग्रेसिव्ह चित्र देतात, ते पिवळीवरूनही जातं. जुन्या ट्यूबला ते चालायचं, पण एचडीएमआयवरून तसंच पुढे ढकललं की अनेक टीव्ही ते नाकारतात. पिवळीवर तोच गेम चालून दाखवला. पोर्ट एकच असल्यामुळे दोन्ही एकदम लावता येत नाहीत. डिस्कच्या खोक्यांवर पप्पांनी स्केचपेननं खुणा केल्या : 'पि' म्हणजे पिवळी, 'डबा' म्हणजे अडॅप्टर.

निघताना मुलगा नामकोची गनकॉन, म्हणजे गेममध्ये नेम धरायची बंदूक, घेऊन आला. "काका, ही पण चालू करून द्या ना."

ही बंदूक पिक्चर ट्यूबचा किरण पडद्यावर वरून खाली सरकताना नेमक्या कुठल्या क्षणी दिसला ते मोजते, आणि वेळेचा मेळ घालायला पिवळ्या पिनचा सिग्नल घेते. एलईडीवर तो किरणच नाही, तेव्हा नेम कुठे लागलाय हे तिला कळणार तरी कसं. मी विचारलं, "जुना टीव्ही आहे का माळ्यावर?"

पप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून आवाज आला, "दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला दिला. दीडशे रुपये आले."