ब्रूस्टर बफेलो 1/48, तिसरा आठवडा: हुक कापला, मॅट फसला

दुसऱ्या महायुद्धातल्या या अमेरिकी लढाऊ विमानाचं हे मूळच्या 1/48 आकाराचं मॉडेल. शेपटीखालचा हुक कापला, खड्ड्यात पुट्टी भरली, दोनदा घासली. तरी उजव्या अंगाला केसाएवढी रेघ दिसतेच. हा हुक विमानवाहू जहाजावर उतरण्यासाठी. फिनलंडला मिळालेल्या 44 विमानांवरून तो काढला होता, जीवरक्षक तराफाही. इंजिन अवघं 950 अश्वशक्तीचं, पण विमान हलकं. अमेरिकेच्या एफ2ए-3 या नंतरच्या आवृत्तीला 1200 अश्वशक्ती मिळाली खरी, पण जादा इंधन आणि चिलखताने ते जड झालं. 4 जून 1942 ला पॅसिफिकमधल्या मिडवेवर जपान्यांशी लढताना अमेरिकी मरीन कोरची 13 बफेलो पडली आणि 'उडती शवपेटी' हे नाव कायमचं चिकटलं.

मला हे नाव अर्धवट वाटतं. त्याच विमानाला फिन लोक 'आकाशातला मोती' म्हणायचे. फिन वैमानिक युटिलाइनेनच्या 94 हवाई विजयांपैकी 34 याच्यावरचे, हान्स विंडच्या 75 पैकी 39. दावे वैमानिकांचे, तेव्हा थोडी सूट धरा. समोर जपानी झिरो लढाऊ विमानंही नव्हती, सुरुवातीला तर बरीचशी सोव्हिएत आय-16 आणि आय-153. पण आकड्यांपेक्षा मला त्यांचे मेकॅनिक आवडतात. इंजिन तेलासाठी रडायला लागलं, तर पठ्ठ्यांनी प्रत्येक सिलिंडरमधली एक पिस्टन रिंग उलटी बसवली. प्रश्न मिटला!

डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) लावले. फिनलंडच्या हवाई दलाचं निळं स्वस्तिक दोन तुकड्यांत आलंय (काही देशांत ते अख्खं छापायची पंचाईत), त्यामुळे चिमट्याने जुळवताना घाम फुटला. हे 1918 पासूनचं, नाझींच्या आधीचं, आणि तिरकं नाही, सरळ उभं. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "गाडीच्या पूजेला असं नीट काढलं असतंस तर!"

मग घाई नडली. बाहेर धो धो पाऊस, तरी मॅट (बिनचमकीचं) वार्निश मारलं. दहा मिनिटांत पंखांवर कुणी पीठ भुरभुरल्यासारखं. वरून ग्लॉसचा (चमकदार वार्निशचा) पातळ हात दिल्यावर बरंच उतरलं, फक्त डाव्या पंखाच्या टोकाखालचा पिवळा अजून मळकट आहे. तसाच ठेवावा का? बीडब्ल्यू-372 हे फिनलंडचं खरं बफेलो विमान 1942 मध्ये तळ्यात पडलं आणि 1998 मध्ये वर काढलं. त्याच्या विटलेल्या रंगापुढे माझा डाग काहीच नाही.

कॅनोपीचं (वैमानिकावरच्या काचेचं) मास्किंग, म्हणजे रंग लागू नये म्हणून चिकटवलेली टेप, अजून काढलेलं नाही. ऊन पडेपर्यंत एअरब्रशला हात लावणार नाही.