आमची बिल्डिंग पाडली त्या शनिवारी

शनिवारी सकाळी दादाने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. ठाण्यातल्या नौपाड्यातली आमची बिल्डिंग, पोकलेन तिसऱ्या मजल्याला लागलंय आणि आमच्या किचनची निळी भिंत उघडी पडलीये, ओट्यामागच्या टाइल्ससकट. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, पण सात-आठ वेळा बघितला, मग घरात बसवेना म्हणून ट्राम पकडली आणि इथल्या फ्राउएनकिर्शे चर्चपाशी जाऊन उतरले.

जर्मनीत ड्रेस्डेनला येऊन तीन वर्षं झाली, पाहुणे आले की त्यांना हे चर्च दाखवायचं एवढाच आमचा संबंध. (तलावपाळीचं सेंट जॉन चर्च तर शाळेतून येताना रोज दिसायचं, आत एकदाही गेले नाही, हे आता फार लागतं मनाला.) त्या दिवशी मात्र बाहेरच थांबले, भिंतीला हात लावून.

भिंत फिकट पिवळ्या दगडाची, आणि मध्येच काळे दगड, कुठे एकटाच, कुठे पाच-सहा शेजारी शेजारी. मला वाटायचं काळे म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बिंगमध्ये जळलेले. तसं नाहीये. एल्बे नदीच्या खोऱ्यातला हा वालुकाश्म जुना झाला की आपोआप काळा पडतो, म्हणजे काळा तो जुन्या चर्चचा आणि पिवळा तो नवा.

जुनं चर्च 1726 ला बांधायला घेतलं आणि 1743 ला पुरं झालं. बांधणारा ग्योर्ग बेअर 1738 मध्येच गेला, त्याला ते पूर्ण झालेलं दिसलंच नाही. घुमट त्याने अख्खा दगडाचा केला, सुमारे 12,000 टनांचा, आणि तो आतल्या फक्त आठ खांबांवर आणि बाहेरच्या भिंतींवर तोलला. 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री शहरावर बॉम्ब पडले, सगळीकडे आग, तरी घुमट उभाच, लोकांना वाटलं वाचलं चर्च. पण खांब आतून तापून कमजोर झाले होते आणि 15 तारखेला सकाळी सगळं खाली बसलं. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं तो ढिगारा भर चौकात तसाच पडून होता, पूर्व जर्मनीच्या काळात तर युद्धाची आठवण म्हणून मुद्दाम ठेवलेला.

दोन्ही जर्मनी एक झाल्यावर 1993 मध्ये ढिगारा उपसायला घेतला. आणि कसा उपसला बघा! एकेक दगड उचलायचा, मोजायचा, फोटो काढायचा, नंबर द्यायचा, तो कुठे पडला होता त्यावरून वर कुठे असेल ते शोधायचं आणि रॅकवर नीट लावून ठेवायचा. त्यातले सुमारे 3,800 दगड पुन्हा भिंतीत गेले. घुमटावरचा जुना क्रॉस वाकडातिकडा होऊन सापडला, तो आत तसाच ठेवलाय, आणि वरचा नवा क्रॉस लंडनच्या एका सोनाराने घडवला, ज्याचे वडील 1945 मध्ये शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांमध्ये पायलट होते. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

पण माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट दरवाज्यांची. जुन्या लाकडी दारांची नीट ड्रॉइंग्जच नव्हती, मग लोकांना आवाहन केलं की जुने फोटो असतील तर द्या. लग्न लागलं की सगळे त्या दारासमोर उभे राहून फोटो काढायचे ना, तर लोकांनी अख्खे लग्नाचे अल्बम आणून दिले आणि त्यावरून सुतारांनी दारं केली. 30 ऑक्टोबर 2005 ला चर्च पुन्हा उघडलं.

सोमवारी ऑफिसात एका सहकारीला व्हिडिओ दाखवला तर ती म्हणाली, पन्नास वर्षंही नाही झाली आणि पाडली? मला ते झोंबलं. आमच्या अंबरनाथचं शिवमंदिर 1060 चं आहे, तुमच्या या चर्चच्या साडेसहाशे वर्षं आधीचं, आणि ते कोणी नंबर देऊन पुन्हा रचलेलं नाहीये, उभं आहे, असं मी तिला सांगितलं, जरा जास्तच जोरात. आणि चर्च वेगळं, राहतं घर वेगळं. स्लॅबचे पोपडे आईच्या ताटात पडायचे, पावसाळ्यात बाथरूम गळायचं, लिफ्ट नाही आणि बाबांचे गुडघे हे असे, शेवटी तर ते महिना-महिना खाली उतरायचे नाहीत. संमतीपत्रावर माझीही सही आहे, इथून कुरिअरने पाठवलेली, आणि परत विचारलं तर परत करेन.

फक्त त्यातलं काहीच ठेवलं नाही, एक टाइलसुद्धा नाही. दादा म्हणाला, डेब्रिज त्याच दिवशी डंपरने गेलं.

रात्री आईला फोन करून सांगितलं, आपल्या दारासमोरचे फोटो शोध. तिने दोन पाठवले. एकात मी ज्युनिअर केजीच्या पहिल्या दिवशी, पाण्याची बाटली गळ्यात, आणि मागे दार चक्क हिरवं! मला ते कायम चॉकलेटीच आठवत होतं.

आमच्या बिल्डिंगमधलं कोणी हे वाचत असेल तर तुमचेही अल्बम जरा काढा. दारं, जिना, गच्ची, जे असेल ते पाठवा. जिन्याच्या कठड्यावरची नक्षी मला एकाही फोटोत पूर्ण सापडत नाहीये.