३६,००० किलोमीटरचा ताणा

शाळेत असताना उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं की सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागात विचित्र शांतता पडायची. दिवसभर कानांत भिनलेली यंत्रमागांची खटखट एकदम थांबे आणि मग कळे, आपण इतका वेळ ओरडूनच बोलत होतो. सगळी गल्ली गच्चीवर. सोलापुरी चादर पांघरायची असते हा बाहेरगावच्यांचा समज. मे महिन्यात आम्ही ती ओली करून अंथरतो.

अशाच एका रात्री शेजारच्या अण्णांना मी वाचनालयातल्या पुस्तकातली गोष्ट सांगत होतो. अंतराळात जायला रॉकेट कशाला? वरून एक दोर सोडायचा आणि लिफ्टसारखं चढत जायचं. अण्णांचं आयुष्य मागावर गेलेलं. सुताची बारकाई ते काउंटमध्ये मोजत. घरात तेलुगू, बाहेर मराठी. उताणे पडून ते वर बघत होते.

"वर बांधायचा कशाला?"

कशालाच नाही, मी म्हणालो. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीचा उपग्रह पृथ्वीच्याच वेगानं फिरतो, त्यामुळे खालून एका जागी उभा दिसतो. तिथून एक टोक खाली सोडायचं, तोल राखायला दुसरं आणखी वर.

अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अन् सूत तुटलं तर? तिकडं गाठ मारायला कोण जाणार बे?"

मी तेव्हा हसलो होतो. पुढं वाचत गेलो तसं लक्षात आलं, मोठमोठी डोकी याच प्रश्नापाशी अडली आहेत. आयफेल टॉवर पाहून १८९५ मध्ये त्सिओलकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाला आकाशापर्यंतच्या मनोऱ्याची कल्पना सुचली. १९६० मध्ये अर्तसुतानोव्ह या रशियन इंजिनिअरनं ती उलटी केली: खालून बांधत जायचं नाही, वरून सोडायचं. १९७९ मध्ये आर्थर क्लार्क या विज्ञानकथालेखकानं त्यावर कादंबरी लिहिली आणि सोयीसाठी श्रीलंका खुशाल विषुववृत्तावर सरकवली. (आमचं सोलापूर साडेसतरा अंशांच्याही वर. कुणी सरकवेल अशी आशा नाही.)

अडचण सुताचीच आहे. पोलादाची उत्तम तार उभी टांगली तर शंभर किलोमीटरच्या आतच स्वतःच्या वजनानं तुटेल. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडून आशा आहे. पण २०१३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी अशी एकसलग नळी वाढवली ती अर्ध्या मीटरहून जराशीच लांब. चादरीची रुंदीसुद्धा भरत नाही!

विज्ञानकथेचं भाकीत खरं ठरलं की आपण लेखकाला द्रष्टा म्हणून मोकळे होतो. मला तिच्यातल्या चुका जास्त कामाच्या वाटतात. ज्यूल व्हर्ननं १८६५ मध्ये माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवलं. त्सिओलकोव्हस्की त्याच्याच गोष्टींवर पोसलेला, पण त्यानं हिशेब मांडला: बार उडताक्षणी आतल्या माणसांचा चेंदामेंदा होईल. म्हणजे वेग हळूहळू वाढला पाहिजे, म्हणजे रॉकेट पाहिजे. आवडत्या गोष्टीतली चूक माणसाला झोपू देत नाही.

अण्णांनाही त्या रात्री झोप आली नसावी. त्यांच्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबवून ते दोन टोकं अंगठ्याशी धरत, बोटं जरा वळत आणि गाठ पडलेली असे. कितीदा बघितलं तरी ती कशी पडली हे मला दिसलं नाही. काळोखात त्यांची बोटं चादरीच्या दशांशी तसंच काहीतरी करत होती.

पहाटे वीज आली. खालून एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग गल्लीच. अण्णा उठले, लुंगी सावरत जिन्यापर्यंत गेले आणि तिथून त्या आवाजावर ओरडले,

"ए, पुस्तकात बघ की, किती काउंटचं सूत धरलंय त्यानं!"