'गेट'चा काटा काढला आणि देले बी-वन सुटली

देले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची तयारी करताना मला सगळ्यात जास्त छळलं ते 'गेट' या इंग्रजी क्रियापदानं. परीक्षा स्पॅनिशची, पण वर्गात आम्ही सगळे मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवायचो आणि मगच तोंड उघडायचो. आणि 'गेट'च्या प्रत्येक अर्थाला स्पॅनिशमध्ये वेगळं क्रियापद. पत्र मिळालं तर रेसिबीर, खटपट करून नोकरी मिळवली तर कोन्सेगीर, घरी पोचलं तर येगार, लग्न झालं तर कासार्से, विनोद कळला तर एन्तेन्देर. ओब्तेनेर सगळीकडे खपेल असं वाटतं, पण तो कागदोपत्री थाटाचा शब्द आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणताना तो शोभत नाही.

एवढं घोकून होतं. खरी गोची 'गेट'च्या 'होणे' या अर्थाची. घाबरणं, चेहरा लाल होणं असं तेवढ्यापुरतं असेल तर पोनेर्से. माणूस वेडा झाला, पार बदललाच, तर वोल्वेर्से. डॉक्टर किंवा श्रीमंत झाला तर आसेर्से. आणि काहीतरी गेल्यावर मागे जी अवस्था उरते ती केदार्से: आंधळा झाला, एकटा पडला. आपणही एकटा 'पडला' म्हणतो, 'झाला' नाही, हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग मी इंग्रजीला मधून उठवलं. वहीत डावीकडे मराठी, उजवीकडे स्पॅनिश. 'मला भूक लागायला लागलीय' याला 'मे एस्ता एन्त्रान्दो आम्ब्रे', म्हणजे भूक माझ्यात शिरतेय. दोन्हीकडे कर्ता भूकच, मी नुसती 'मला'पुरती. 'मला भीती वाटते' याला 'मे दा मिएदो', तिथेही मी 'मला'पुरतीच. केसांचं तर फारच आवडलं. इंग्रजीत 'गेट' लावून केस दुसऱ्याकडून कापून घेतले हे दाखवावं लागतं. स्पॅनिश माणूस सरळ 'मे कोर्ते एल पेलो' म्हणतो, मी माझे केस कापले. आपणही पार्लरमधून येऊन 'केस कापले' असंच सांगतो, कात्री कोणी चालवली याची चौकशी कोणी करत नाही.

सगळीकडे मराठी कामाला येत नाही, हेही खरं. बस पकडायला स्पेनमध्ये कोखेर बिनधास्त वापरतात. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात तोच शब्द अश्लील! तिथे तोमार म्हणावं. मी सरसकट तोमारच धरलं.

परीक्षा इन्स्तितूतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची. वाचन 70 मिनिटं, ऐकणं 40, लेखन 60. तोंडी साधारण 15 मिनिटांची, त्याआधी तयारीला तेवढाच वेळ. वाचन-लेखन एक गट, ऐकणं-बोलणं दुसरा, आणि दोन्हींत 50 पैकी किमान 30 हवेत. एका गटातली तूट दुसऱ्यातून भरून निघत नाही, म्हणून नुसतं व्याकरण घोटणाऱ्यांनी बोलण्याकडे आधी बघावं.

तोंडीत प्रवासाबद्दल बोलताना उशीर झाल्याचं सांगायची वेळ आली. 'से मे इसो तार्दे', मला उशीर झाला. 'मे'च्या जागी आपलं 'मला' चपखल बसलेलं होतं, त्यामुळे अडखळले नाही. पुढच्या प्रश्नाला मात्र दोनदा 'पेर्दोन?' म्हणावं लागलं. निकाल यायला तीनेक महिने लागले: आप्तो, म्हणजे पास. या प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळे पुढच्या बी-टू पातळीची घाई नाही. वही मात्र चालू ठेवलीय, आता डावीकडे 'पडणे' घेतलंय.